भाकड गायी आणि माळ्यावरची ट्रंक



आज भाद्रपद वद्य चतुर्दशी. आजच्या तिथीपुढे पंचांगात ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असं छापलेलं असतं. पितृपंधरवड्यात ज्याचं त्याचं श्राद्ध ज्याच्या त्याच्या तिथीला होतं, पण ही एक तिथी आपल्या पूर्वजांनी शस्त्राने किंवा अपघाताने अकाली गेलेल्यांसाठी राखून ठेवली आहे. इतकी राखून, की ज्याला साधं मरण चतुर्दशीला आलं त्याचंसुद्धा श्राद्ध आज न करता अमावास्येला करतात. लढाईत पडलेल्याच्या पानाला पंक्तीत वेगळी जागा आहे, असंच म्हणा ना.

याच आठवड्यात घराघरांत दुसरी एक लगबग चालू असते. परवा घट बसणार. त्याआधी माळे उतरवायचे, गोधड्या धुवायच्या, डबे घासायचे, आणि जे नको ते बाहेर काढायचं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेले चार दिवस फोटोंचा पाऊस पडतोय. मिक्सर आहे, झाकण नाही. मुलाची सायकल आहे, चेन तुटलेली. कपडे आहेत, ‘गरजूंना द्यायचे आहेत, कोणी येऊन घेऊन जाईल का?’ एका हाताने पितरांना पाणी द्यायचं आणि दुसऱ्या हाताने घर रिकामं करायचं, असा हा आठवडा असतो. म्हणून आज नेहमीचा क्रम सोडून कठोपनिषदाची सुरुवात वाचायला घेतली आहे. पहिला अध्याय, पहिली वल्ली, मंत्र १ ते ४.

गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. वाजश्रवस नावाच्या ऋषीने असा यज्ञ मांडला, की ज्यात जवळचं सगळं देऊन टाकायचं असतं. दक्षिणेच्या गायी नेल्या जात होत्या. त्याचा मुलगा नचिकेता तिथेच उभा होता, वयाने अजून कुमार. त्याने गायींकडे पाहिलं. पाणी प्यायचं ते पिऊन झालेल्या, चारा खायचा तो खाऊन झालेल्या, दूध काढायचं ते काढून झालेल्या, आता वासरूही होणार नाही अशा त्या गायी होत्या. आपल्या गावच्या भाषेत भाकड. अशा गायी देणारा जिथे जातो तिथे आनंद नसतो, असं त्या मुलाच्या मनात आलं. मग त्याने वडिलांना विचारलं, की मला कोणाला देणार? एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. वडील वैतागले आणि म्हणाले, तुला मृत्यूला देतो.

मी या मंत्रांकडे पूर्वी ‘कंजूष बाप आणि हुशार मुलगा’ अशा नजरेने बघायचो. पण उपनिषद तसं सांगत नाही. गायींकडे बघताना त्या मुलात काय शिरलं, तर श्रद्धा शिरली, असा शब्द तिथे आहे. राग नाही, तिरस्कारही नाही. शंकराचार्य भाष्यात म्हणतात, की ही श्रद्धा वडिलांचं हित व्हावं या इच्छेतून आलेली आहे. वडिलांच्या यज्ञात उणेपण राहिलंय आणि ते स्वतःला देऊनही भरून काढावं, एवढाच त्याचा हिशोब होता. सर्वस्व द्यायचं म्हणता ना? मग तुमच्या सर्वस्वात मीही येतो. आणि गोठ्यात उरलेल्या भाकड जनावरांपेक्षा मी नक्कीच बरा आहे.

‘श्राद्ध’ हा शब्दही याच ‘श्रद्धे’पासून आलेला आहे. जे श्रद्धेने करायचं ते श्राद्ध. म्हणजे आजच्या तिथीचा आणि त्या गोठ्याच्या दारातल्या मुलाचा संबंध मी ओढूनताणून लावत नाहीये.

आता गायींकडे येऊ. वाजश्रवसाचं नेमकं काय चुकलं? गाय म्हातारी होती हे पाप नाही. म्हातारी गाय घरात ठेवून तिला चारापाणी करणं हे पुण्यच. चूक अशी, की घरातलं ओझं कमी करणं आणि दान करणं ही दोन कामं त्याने एकाच पावतीवर लिहिली. ज्याच्या दारात ती गाय गेली त्याच्या घरी दूध गेलं नाही, चाऱ्याचा खर्च गेला. देणाऱ्याला पुण्य आणि घेणाऱ्याला बिल.

आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर, संगणकावर फाइल डिलीट केली की ती रिसायकल बिनमध्ये जाते. डिस्कवर जागा तेवढीच अडलेली असते, फक्त आपल्या डोळ्यांसमोरून ती हलते. आपली बरीचशी दानं या जातीची असतात. वस्तू जगातून कमी होत नाही, तिची अडचण फक्त दुसऱ्याच्या घरात जाते. आणि दुसऱ्याचं घर बहुधा आपल्या घरापेक्षा लहान असतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हा सगळीकडून ट्रक भरभरून मदत गेली. ती फार मोलाची होती, त्याबद्दल वादच नाही. पण त्या ट्रकांत अशीही गाठोडी होती जी उघडल्यावर पुन्हा बांधावीशी वाटत. फाटके, विटलेले, न धुतलेले कपडे. चिखल उपसून दमलेल्या माणसाला हे निवडत बसायला लावायचं! ‘गूंज’ ही संस्था सुरू करणारे अंशू गुप्ता, ज्यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यांच्या कामाचा पायाच हा आहे, की कापड ही भीक म्हणून द्यायची वस्तू नाही. त्यांच्याकडे आलेलं कापड निवडलं जातं, दुरुस्त होतं, आणि जे कपडे म्हणून चालणार नाही त्या सुती कापडाचे बायकांसाठी स्वच्छ पॅड बनतात. गावात लोकांनी आपल्याच गावचं काम करायचं, विहीर खणायची, रस्ता करायचा, आणि त्याचा मोबदला म्हणून हे सामान मानाने घ्यायचं. गाय जुनी असली तरी तिच्यात दूध किती उरलंय ते आधी तपासायचं, आणि घेणाऱ्याची मान खाली जाऊ द्यायची नाही. कठोपनिषदाच्या इतकं जवळ जाणारं काम मी दुसरं पाहिलं नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात श्लोक २० ते २२ दानाचे तीन प्रकार सांगतात. सात्त्विक आणि राजस हे भेद आपण शाळेपासून पाठ करतो. तामस दानाचं वर्णन मात्र सावकाश वाचा. चुकीची जागा, चुकीची वेळ, चुकीचा माणूस हे तर आहेच, पण त्याच्याबरोबर दोन गोष्टी येतात: सत्कार न करता दिलेलं आणि अवहेलना करून दिलेलं. म्हणजे नवीकोरी साडीसुद्धा फेकल्यासारखी दिली तर ते तामस दान. आणि जुनं कांबळं धुऊन, उन्हात घालून, हातात दिलं तर? याचं उत्तर मला आमच्याच घरात बघायला मिळालं.

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ मराठा पलटणीत होते. १९७१ च्या डिसेंबरात पूर्वेकडच्या आघाडीवर ते गेले. वय २३, लग्न झालेलं नव्हतं. आज कुठल्या गावचा जवान गेला की तिरंग्यातलं पार्थिव गावात येतं, सगळा गाव रस्त्यावर उभा राहतो. हे सर्रास होऊ लागलं ते १९९९ च्या कारगिलनंतर. त्याआधीच्या लढायांत बहुतेक जवानांचे अंत्यसंस्कार तिकडेच आघाडीवर व्हायचे. घरी यायची ती तार, आणि काही आठवड्यांनी सामान. आमच्याकडे आली ती काळी लोखंडी ट्रंक. वर पांढऱ्या रंगात नंबर, नाव, पलटण. आत करडी ब्लँकेटं दोन, लोकरी जर्सी, मेसटिन, दाढीचं सामान, पोस्टकार्डांचा गठ्ठा. ते सामान पलटणीतल्या कुणा सोबत्याने भरलं असणार. जर्सीची घडी फार नीट घातलेली होती, असं आजी सांगते.

पणजीसाठी ती ट्रंक म्हणजे वस्तू नव्हतीच. पोराचा देह आला नाही, ट्रंक आली. ती असेपर्यंत दर वर्षी थंडीच्या आधी ट्रंक उघडायची, ब्लँकेटं उन्हात घालायची, कडुनिंबाचा पाला भरायचा आणि परत बंद. ती गेल्यावर हेच काम आजीने केलं. आजी म्हणजे त्यांची वहिनी. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा हा दीर शाळकरी पोर होता.

गेल्या हिवाळ्यात गावच्या घराची कौलं उतरवायची ठरली. माळा रिकामा करावाच लागला. भंगारवाला काटा घेऊन दारात बसलेला. आमच्यातल्याच एका नातेवाइकाने सहज विचारलं, की ट्रंकेचा पत्रा चांगला जाड आहे, वजनावर किती होतील? आजीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. विषय तिथेच संपला. पण मग तिनेच ट्रंक उघडायला लावली आणि दोन्ही ब्लँकेटं बाहेर काढली. शेताच्या कडेला ऊसतोडीची टोळी उतरली होती, त्यात एक ओली बाळंतीण होती. तिला देते म्हणाली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गडबडले. तार आली तेव्हा ते १३ वर्षांचे होते. दर वर्षी आजच्या तिथीला काकांचं पान तेच वाढतात. ते म्हणाले, “आई, काकांची आठवण आहे गं ती. दुसरी नवी आणून देऊ तिला. मी आत्ता बाजारातून घेऊन येतो.”

आजी म्हणाली, “नवी आण की. ती बी देऊ. पर हे ब्लँकेट तुझ्या काकाचं हाय, ट्रंकेचं न्हवं.”

अण्णा काही बोलले नाहीत, पण त्यांना पटलेलं नव्हतं. दोघांचं बरोबर होतं असं मला अजून वाटतं. ज्याचं माणूस असं गेलं, त्याला कुणी ‘वस्तूंत जीव अडकवू नये’ असा उपदेश करू नये. तो अधिकार बाहेरच्याला नाही. आवराआवरीच्या नव्या पुस्तकांत म्हणतात तसं ‘ही वस्तू हातात घेतल्यावर आनंद होतो का?’ हा प्रश्न त्या ट्रंकेला विचारून काय मिळणार?

आजीने पुढे जे केलं ते सांगण्यासारखं आहे. ब्लँकेटं कोमट पाण्यात स्वतः धुतली, कोणाला हात लावू दिला नाही. दोन दिवस उन्हात. एकाला कसरीचं भोक पडलं होतं ते काळ्या लोकरीने रफू केलं. तिसऱ्या दिवशी त्या बाईला घरी बोलावलं, ओसरीवर बसवलं, चहा दिला, बाळाला कुंची दिली, आणि मग ब्लँकेटं हातात ठेवली. कोणाची आहेत ते सांगितलं नाही. मी नंतर विचारलं का नाही सांगितलं, तर म्हणाली, तिला वापरताना भीड पडली असती. मेसटिन, पोस्टकार्डं आणि जर्सी तिने ठेवली. ट्रंक परत माळ्यावर गेली.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरू निरोपाच्या वेळी शिष्यांना कसं द्यावं ते सांगतात. श्रद्धेने द्यावं, ऐपतीप्रमाणे द्यावं, आणि देताना लाजही असावी. देणाऱ्याला लाज कशाची, हा प्रश्न मला कायम पडायचा. आजी त्या बाईसमोर खालमानेनं बसली होती, तेव्हा तो शब्द डोळ्यांनी दिसला.

लढाईत गेलेल्यांचा मान ठेवायचा म्हणजे काय, याचा विचार आपल्या ग्रंथांनी बराच केलेला आहे. महाभारतात युद्ध संपल्यावर स्त्रीपर्व येतं. तिथे धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, की ज्यांना कोणी आहे आणि ज्यांना कोणीच नाही, अशा सगळ्यांचे संस्कार होणार आहेत ना? युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य यांना कामाला लावतो आणि दूरदूरच्या देशांतून आलेल्या, ज्यांना ओळखणारं कोणी नाही अशांचंही दहन करवतो. स्वतःचे मुलगे गेलेले, भाऊबंद गेलेले, आणि हा अनोळखी शिपायांचा हिशोब बघतोय. मग गंगेवर तर्पण. तिथेच कुंती सांगते, की कर्णालाही पाणी दे, तो तुझा थोरला भाऊ होता. युद्धभर ज्याला शत्रू म्हणून मोजलं त्याच्या नावाचं पाणी युधिष्ठिराने सोडलं. आणि भीष्म? त्यांना तर मूलच नाही. म्हणून माघ शुद्ध अष्टमीला त्यांच्यासाठी कोणीही तर्पण करावं, अशी परंपरा आहे. लग्न न झालेल्या, निपुत्रिक योद्ध्याला पाणी कोण देणार? तर सगळे. आमच्या धाकट्या आजोबांना अण्णा पाणी देतात ते याच न्यायाने.

आपल्या मुलखात तर गावोगाव दगडांत ही आठवण कोरून ठेवली आहे. मारुतीच्या नाहीतर महादेवाच्या देवळाबाहेर वीरगळ दिसतो. खालच्या चौकटीत वीर पडलेला, त्याच्या वर लढाई, मग अप्सरा त्याला वर नेताहेत, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि कळसाजवळ चंद्र-सूर्य. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला जे वीरगळ आहेत त्यांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. बहुतेक वीरगळांवर नाव मात्र नसतं. कोण होता, कोणासाठी लढला, माहीत नाही. कितीतरी ठिकाणी हेच दगड पायरीला लागले, धुणं धुवायला गेले. गावाला नकोशी झालेली वस्तूच ती. दूध आटलं.

साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत. त्या गावाला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखतात. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले. वय २२, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांची कबर किंवा समाधी तिकडे नाही. इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर नाव कोरलेलं आहे आणि माणगावात पुतळा आहे. ही नावं आज पानावर बसताना आठवायला हरकत नाही. आपल्या गोत्राची नसली तरी.

पण इथे मला नचिकेत्याचा प्रश्न परत टोचतो. आपण जवानांना जे देतो त्यात दूध किती असतं? २६ जुलैला स्टेटस ठेवणं, सिनेमाआधी उभं राहणं, भाषणात छाती फुगवणं. वाईट काहीच नाही यात. पण त्यातलं आपलं काय गेलं? ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचं बिल्ल्याचं छोटं झेंडूक शाळेत आपण दहा रुपयांना घ्यायचो. तो निधी १९४९ पासून जमा होतोय आणि जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयामार्फत वीरनारी, अपंग जवान, माजी सैनिक यांच्यापर्यंत जातो. त्याला आजही देता येतं. ते झालं पैशाचं.

दुसरी गोष्ट माझ्या हातातली आहे. आमच्या गावात एक वीरपत्नी आजी आहेत. पेन्शन चालू राहण्यासाठी दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता घरबसल्या ऑनलाइन होतो, पण अंगठ्याचा ठसा लागतो, आणि जन्मभर शेतात राबलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन ओळखतच नाही. त्याला उपाय आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा टिपूनही दाखला निघतो, ही सोय २०२१ पासून आहे. ॲप दोन लागतात, आधार क्रमांक लागतो, पेन्शनचा नंबर लागतो, आणि उजेड बरा असावा लागतो. मला पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास त्यांना डोळे मिचकवायला सांगण्यात गेला. त्या हसत होत्या, की मेल्याचा दाखला एकदाच लागतो, जित्याचा दर साली. तुमच्यापैकी जे संगणकावर बसून पोट भरतात त्यांच्याकडे ही दुभती गाय आहे. जुने कपडे तिथे नेऊ नका, त्यांच्याकडे आहेत.

आणखी एक, तांत्रिक पण गरजेचं. या आठवड्यात जुना लॅपटॉप किंवा मोबाइल कोणाला देणार असाल तर आधी चार्ज करून, स्वतः तासभर वापरून बघा. बॅटरी वीस मिनिटं टिकत असेल तर तसं सांगून द्या किंवा बदलून द्या. आपला सगळा डेटा नीट पुसा. अभ्यासासाठी म्हणून कोणा मुलाला दिलेला लॅपटॉप जर सुरूच होत नसेल तर त्या पोराला वाटतं, आपल्यालाच येत नाही. मला हे दान मिक्सरच्या झाकणापेक्षा जास्त क्रूर वाटतं.

शेवटी मंत्र १० आणि ११ वर थोडं, कारण आजच्या तिथीला ते सोडून पुढे जाववत नाही. नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री उपाशी थांबला म्हणून यम तीन वर देतो. आत्मज्ञान तो तिसऱ्या वराने मागतो, आपण सगळे तिथेच धावत जातो. पण पहिला वर काय मागितला? वडिलांचा राग जावा, त्यांचं मन शांत व्हावं, आणि मी परत गेलो की त्यांनी मला ओळखावं. ज्याने मृत्यूला देऊन टाकलं त्या बापासाठी पोराने मृत्यूकडेच पहिलं मागणं हे मागितलं. यम हो म्हणतो आणि स्वतःहून एक गोष्ट वाढवून देतो, की तुला मृत्यूच्या तोंडातून सुटलेला पाहून तुझे वडील रात्री सुखाने झोपतील.

आजी सांगते, पणजी १९७१ नंतर रात्री ओसरीचं दार आतून लावू द्यायची नाही.

उद्या सर्वपित्री अमावास्या आहे, अण्णांबरोबर गावी असेन. नेटवर्क मिळालं तर मंत्र ५ ते ९ वर लिहीन. यमाच्या घरी आलेल्या उपाशी पाहुण्याचा भाग आहे, घरी श्राद्धाचा स्वयंपाक चालू असताना वाचण्यासारखा.

जय हरी.